कोणत्या गठ्ठ्यात?

"म्हणजे हा म्हातारा स्वतःच्याच लग्नाला जाऊन पोचतो?" उज्वलाने वाचता वाचता विचारलं.

"पोचतो, आणि पंगतीत जेवूनही येतो. सांग, कोणत्या गठ्ठ्यात?"

"लग्नाच्या."

"अगं, तसा गठ्ठा नाही आपल्याकडे," महेश हसला. "काळप्रवास."

महेश अंबडच्या कारखान्यात लेथवर होता. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटायचे, हा विज्ञानकथा वाचायचा. जुने दिवाळी अंक रद्दीतून आणायचा, त्यातल्या कथा कापून शिवून ठेवायचा. घरात जागा कमी, म्हणून उज्वला चिडायची. "तुमचे ते राक्षस" म्हणत सगळं माळ्यावर टाकायची. एकही कथा तिने कधी उघडून पाहिली नव्हती.

मग साखरेने आधी त्याचे डोळे नेले, नंतर किडन्या. कथांचं पुढे काय, ही एकच काळजी त्याने बोलून दाखवली. पंचवटीतल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी वाचनालय होतं. तिथली रोहिणी म्हणाली, "काका, वेगळं कपाट देते. फक्त प्रकारवार लावून द्या. सगळं एकत्र कोंबलं की कुणी हात लावत नाही."

डायलिसिस नसेल त्या सकाळी उज्वला वाचायची आणि तो प्रकार सांगायचा. काळप्रवास, परग्रह, यंत्रमानव, जगाचा अंत. सुरुवातीला ती भराभर उरकायची. पुढे पुढे भांडायला लागली.

"यात यंत्रमानव आहे की! मग यंत्रमानवांत का नाही?"

"तो नुसता चहा आणून देतो. त्याला काढून टाक, गोष्ट पडते का? नाही ना? मग ती त्याची गोष्ट नाही."

अशा वादात एकदा भाजी करपली. दोघांनी ती तशीच खाल्ली.

एका सकाळी वाचताना तिची नजर वर गेली. त्याचे ओठ हलत होते. ती ज्या वाक्यावर यायची, ते त्याच्या ओठांवर आधीच आलेलं असायचं.

"तुम्हाला ही पाठ आहे?"

त्याचे ओठ थांबले.

"सगळ्याच पाठ आहेत?"

"बऱ्याचशा."

"मग नुसतं नाव वाचलं असतं तरी भागलं असतं! माझा घसा कशाला बसवला?"

"काम केव्हाच संपलं असतं मग," तो म्हणाला. "गोष्टीवर बोलायला मला कधी कुणी मिळालंच नाही गं."

ती उठून आत गेली. ओट्याशी नुसती उभी राहिली. परत आली तेव्हा तिने तीच कथा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली, सावकाश.

शेवटी एकच कथा उरली. वेधशाळेतल्या एका मुलीला दूरच्या ताऱ्यावरून हाक ऐकू येते. अर्ध्यावर आल्यावर महेशला धाप लागली.

"परग्रह ना?" तिने विचारलं.

"शेवट ऐकल्याशिवाय ठरवायचं नाही. उद्या वाचू."

दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. तो परत आला नाही.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. रोहिणी रिक्षा घेऊन दाराशी आली, एकेक गठ्ठा नेऊ लागली.

"काकू, राहिलंय काही?"

"एकच आहे. बस जरा."

उज्वलाने अर्ध्यावरून पुढे वाचायला घेतलं, नेहमीसारखं मोठ्याने. दाराशी रोहिणी ऐकत उभी राहिली. हाक फार पूर्वी निघाली होती. वाटेतच इतकी वर्षं गेली, की हाक देणारा केव्हाच मरून गेला होता. मुलीला ते कळतं, तरी ती उत्तर पाठवते.

उज्वलाने डोळे पुसले आणि विचार केला. तारा काढला तरी गोष्ट उरत होती. मधली वर्षं काढली, की काहीच उरत नव्हतं.

तिने ती काळप्रवासाच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि हात तसाच ठेवून थोडा वेळ थांबली.

कुणी "नाही" म्हणालं नाही.