सवालाचा आधार

शिवदास बुवांनी सर्वेशची पेटी उचलली आणि मंचाच्या पार पश्चिमेच्या टोकाला, भर उन्हात नेऊन ठेवली. मग सावलीतल्या सतरंजीवर आपली पेटी मांडून ते रुमालानं पट्ट्या पुसायला बसले. उन्हात तापली की पेटी दगा देते, हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर उचलली.

शेजारी राजाराम पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक चोपडत होता. तीस वर्षं तो बुवांना साथ करत आला होता आणि त्यातली पंचवीस वर्षं त्यांची भांडणं निस्तरण्यात गेली होती.

"बुवा, त्याची माणसां बघतत."

"बघूंदेत. देवान डोळे कित्याक दिल्यान?"

मुलुंडच्या मैदानावर तीन दिवसांचा भक्तिसंगीत महोत्सव होता, प्रवेश सर्वांना विनामूल्य. विनामूल्य म्हणजे पहिल्या तीन रांगांना दोरी बांधलेली, तिथे पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्या आणि त्यांवर देणगीदारांची नावं. चौथ्या रांगेपासून पुढं ज्याला जिथं जागा मिळेल तिथं. सकाळी एका नामवंत गवयाचे अभंग झाले होते, दुपारी गुरुद्वाऱ्यातल्या मंडळींचे शबद. संध्याकाळचा मुख्य कार्यक्रम कोणा मोठ्या बाईंचा होता. मध्ये उरलेल्या चार ते पावणेपाचच्या खाचेत कोकणी डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, बसवला होता. गावाकडं जी रात्रभर चालते, मुंबईतसुद्धा रात्री दहाच्या लाउडस्पीकरबंदीपर्यंत ताणली जाते, ती डबलबारी इथं पाऊण तासात उरकायची होती. त्यातही संयोजक निधी हातात कागद घेऊन दोनदा येऊन गेली होती.

"काका, एक रिक्वेस्ट आहे. पर्सनल काही नको हं. म्हणजे ते टोमणे वगैरे असतात ना तुमच्यात? आपल्या फेस्टिव्हलचा मूड जरा शांत आहे."

"बाई, डबलबारीत टोमणो नाय मारूचो, तर मग काय हळदीकुंकू करूचा?"

निधी हसली, पण कागदावर तिनं काहीतरी लिहिलं. बुवांना ते अजिबात आवडलं नाही.

त्यांचं लक्ष मात्र मंचामागच्या फलकावर होतं. डावीकडं त्यांचा फोटो, खाली मंडळाचं नाव, त्याखाली बारीक अक्षरांत त्यांच्या कैलासवासी गुरूंचं नाव. उजवीकडं सर्वेश. चेहरा गोंडस, फेटा झकास, मंडळाचं नाव सोनेरी. गुरूचं नाव नव्हतं. गेली सात वर्षं सर्वेशच्या प्रत्येक फलकावर ती ओळ कोरी असायची. भांडुप, घाटकोपर, बोरिवली, जिथं जिथं सर्वेशची बारी लागली तिथं तिथं बुवा काहीतरी निमित्त काढून जायचे, फलक वाचायचे आणि तोंड कडू करून परत यायचे.

अकरा वर्षं हा मुलगा त्यांच्या नाहूरच्या खोलीत वाढला. पंधराव्या वर्षी आला तेव्हा त्याला झांजसुद्धा धरता येत नव्हती. बुवांनी त्याला बारीच्या सुरुवातीला गायची रूपावली शिकवली, अभंग शिकवले, गौळणी आणि गजर शिकवले. सव्विसाव्या वर्षी त्यानं एक बारी आपल्या नावावर मागितली. बुवा म्हणाले, अजून पाच वर्षं झांज वाजव. तो गेला. त्या वर्षी गुरुपौर्णिमेला नारळ घेऊन दारात आला, तर बुवांनी दार उघडलं नाही. नारळ दोन दिवस उंबऱ्याबाहेर पडून होता आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्यांनी त्याची चटणी केली. पुढच्या वर्षापासून तो आला नाही आणि फलकावरचं नावही गेलं. यात आपलं काही चुकलं असेल ही शंका बुवांना आठ वर्षांत शिवली नव्हती. कृतघ्नपणाला औषध नाही, असं ते राजारामला आठवड्यातून एकदा सांगायचे.

आज मात्र त्यांनी औषध शोधलं होतं. डबलबारीचा नियम साधा असतो. एका बुवानं सवाल टाकायचा, समोरच्यानं उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं तर विचारणाऱ्यानं स्वतः सांगायचं. आणि समोरच्यानं आधार मागितला, तर हे कुठून आलं, कोणाकडून मिळालं, ते भर सभेत नावानिशी सांगायचं. आधार पटला की हरलेल्यानं तेच कडवं आपल्या पेटीवर गाऊन हार मान्य करायची. सर्वेशनं बुवांशिवाय कोणाकडं शिकायला पाऊल ठेवलं नव्हतं, हे सगळ्या कोकणी मुलुंडला माहीत होतं. म्हणजे तो कोणताही सवाल टाको, बुवा आधार मागणार, आणि शिवदास बुवांचं नाव त्याच्या तोंडून निघणार. नाही निघालं तर तो खोटा पडणार.

"हरलंय तरी चलात," त्यांनी राजारामला सकाळीच सांगितलं होतं. "पण नाव घ्यायला लावतलंय."

चौथ्या रांगेच्या कडेला प्रेमाकाकी येऊन बसल्या. बुवांचे कार्यक्रम त्या क्वचित ऐकायच्या. डबा पोचवावा लागला तर यायच्या. आज मात्र स्वतःहून आल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. बुवांनी बायको आली आहे एवढं पाहिलं आणि पुन्हा फलकाकडं नजर वळवली.

सर्वेश आला. पेटी उन्हात आहे हे त्यानं पाहिलं, कोणी ठेवली असेल हेही त्याला कळलं असावं. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून पेटीवर घातलं आणि बुवांसमोर येऊन हात जोडले.

"नमस्कार, बुवा."

बुवांनी भाता मारून काळी दोनचा सूर धरला आणि तो सोडलाच नाही. सर्वेश आपल्या जागी जाऊन बसला.

पहिली बारी बुवांची. वय बासष्ट, पण आवाज अजून खणखणीत होता आणि रागानं त्याला वेगळीच धार आली होती. अभंग आटोपता घेऊन ते गजरावर आले आणि मोकळे सुटले. दूध पिऊन माजलेल्या वासराचा टोमणा झाला. पंख फुटल्यावर घरटं विसरणाऱ्या पाखराचा झाला. ज्याच्या फलकावर बाप नाही त्यानं कुणाच्या नावानं श्राद्ध घालावं, हाही झाला. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. दोरीच्या आतल्या रेशमी साड्या एकमेकींकडं बघू लागल्या. निधीनं खालून दोन्ही हात खाली दाबत खूण केली, जशी कुकरचा गॅस कमी करा म्हणून करतात. बुवांनी त्या खुणेवर एक तान घेतली.

सवाल त्यांनी मुद्दामच सोपा टाकला. त्यांना घाई सर्वेशच्या सवालाची होती.

सर्वेशनं तो सोडवला, एकाही टोमण्याला उत्तर दिलं नाही. त्याची पेटी पहिल्या दोन ओळी कुरकुरली, मग ठिकाणावर आली. त्यानं डोळे मिटले आणि सवाल टाकला.

वनी बाळंतीण, जानकी एकली
चूल ना पेटली कोण्या दारी
पहिले ते पाणी कुणी तापविले
सांगा बुवा भले, ज्ञानी तुम्ही

बुवांची बोटं पट्ट्यांवर थांबली. हे त्यांच्या वहीत नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात सगळ्या वह्या चाळल्या, गुरूंची लाल कापडात बांधलेली पोथीसुद्धा. कुठंच नव्हतं. राजाराम त्यांच्याकडं बघत होता.

"आश्रमात होती सीता," बुवा माइकवर म्हणाले. "ऋषिपत्नींनी तापवलं. दुसरं कोण तापवणार?"

"नाही बुवा," सर्वेश म्हणाला. "आश्रम नंतर. हे त्याच्या आधीचं."

"मग तूच सांग."

सर्वेशनं गायला सुरुवात केली. चाल भजनाची नव्हती. संथ होती, एकाच जागी फिरत राहणारी, आणि त्याच्या पखवाजवाल्यानं हात मांडीवर ठेवले होते.

कातळाची कूस उन्हात तापली
माय ती गं झाली जानकीची

"कातळावरच्या खळग्यात पाणी साचलेलं होतं," तो म्हणाला. "उन्हानं ते कोमट झालं. सीतेची पहिली आंघोळ त्या पाण्यानं."

देवगडकडच्या, राजापूरकडच्या माणसांना तो कातळ माहीत होता. अनवाणी पायांनी ओलांडलेला होता. एका म्हाताऱ्या बाईनं पदर डोळ्यांना लावला. बुवांनाही ती ओळ भिडली आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला. पोरानं स्वतः रचून आणलंय, दुसरं काय! म्हणजे सापडला. नाव घेतलं तरी आपण जिंकलो, न घेतलं तरी जिंकलो.

ते गुडघ्यांवर उठून बसले.

"आधार सांगा. कुठल्या ग्रंथात आहे हे?"

"ग्रंथात नाही. ओवीत आहे. जात्यावरच्या."

"ओवी काय, कोणीही रचील. कोणाकडून मिळाली? नाव सांगा. सात वर्षं फलक कोरा ठेवलायत, आज या सगळ्या लोकांसमोर गुरूचं नाव घ्या. नसेल घेता येत तर पेटी उचला आणि चालते व्हा."

"काका," निधी खालून कळवळून म्हणाली.

सर्वेशनं भाता मिटला. बुवांना त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता, उन्हाचा की कशाचा कोण जाणे. तो बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज गातानाच्या आवाजापेक्षा बराच लहान होता.

"बुवा, मंडळात बसायला तुम्ही शिकवलंत. ते मी विसरलो नाही. तुमचं नाव मी पहिल्या फलकावर छापलं होतं. तुम्ही माणूस पाठवून त्यावर काळा रंग मारलात."

राजारामनं मान खाली घातली. रंग मारणारा माणूस तोच होता.

"पण आज आधार मागितलात म्हणून सांगतो. तुम्ही कामावर गेलात की मी खोलीत वह्या उतरवत बसायचो. तेव्हा भाकऱ्या थापता थापता काकी म्हणायच्या. त्यांच्या आईच्या, आजीच्या ओव्या. दीडशे तरी असतील. आजवर माझ्या ज्या सवालाला कोणी उत्तर देऊ शकलं नाही, तो प्रत्येक सवाल त्यातला आहे. माझ्या गुरू प्रेमाकाकी. त्यांचं नाव छापू का म्हणून दर वर्षी विचारतो, त्या नको म्हणतात. त्या इथंच बसल्यात."

लोकांच्या माना वळल्या. दोरीच्या आतल्यासुद्धा. निधीला आता कार्यक्रमात पहिल्यांदाच रस वाटू लागला होता. ती हातातला माइक घेऊन चौथ्या रांगेकडं जवळजवळ धावलीच.

"काकी, हे खरंय?"

प्रेमाकाकींनी माइककडं, मग मंचाकडं पाहिलं.

"खरा आसा."

"मग काकांना कसं माहीत नाही? घरातल्या घरात सीक्रेट?" निधी हसत म्हणाली. आजूबाजूचे दोघं-तिघं हसले.

"ह्यांका पयल्यांदा सांगलंय," काकी म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. "लगीन झाला त्याच वर्सा. हीच ओवी. म्हणाले, बायकांच्यो गजाली बारीत चलत नाय."

बुवांनी आठवून पाहिलं. चाळीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ, ती ओवी, त्यांना काही म्हणता काही आठवलं नाही. वाक्य मात्र आपलंच आहे, हे ओळखू आलं.

सर्वेश खाली बघत होता. जिंकल्याचा कसलाही भाव त्याच्या चेहऱ्यावर नव्हता आणि बुवांना तेच सहन होत नव्हतं. त्यानं दात काढले असते तर बरं झालं असतं.

"बुवा, कडवं गावचा लागतला," राजाराम पुटपुटला. "नियम आसा."

बुवांनी भाता मारला. आवाज खणखणीत लावून त्यांनी कातळाची कूस धरली, नेहमीच्या भजनी चालीत, दुगुणीत ओढून. राजारामनं सवयीनं ठेका दिला.

"तसा नाय," चौथ्या रांगेतून आवाज आला. माइक अजून काकींच्या तोंडासमोरच होता.

बुवांनी पेटी थांबवली. पुन्हा सुरुवात केली. या वेळी संथ.

"नाय."

मागच्या रांगेत कोणीतरी फिदीफिदी हसलं आणि कोणीतरी त्याला गप्प केलं. बुवांनी पेटीवरचे हात उचलले. चाळीस वर्षं ज्या आवाजाला त्यांनी मीठ कमी आहे, डबा दे, दार लाव, एवढंच सांगितलं होतं, त्या आवाजाला काही विचारायचं कसं हे त्यांना कळेना. अखेर ते म्हणाले, माइक चालू आहे हे विसरून म्हणाले,

"मग कसा?"

प्रेमाकाकींनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून जमिनीवर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीजवळ सरकवली. खुर्ची मोकळी झाली.

"शिकूचा आसात तर खाली येवा," त्या म्हणाल्या. "थंयसून नाय सांगूचंय."

निधीनं घड्याळ पाहिलं. मुख्य बाईंचे साथीदार मंचामागं तंबोरे घेऊन ताटकळत होते. बुवांनी भात्याचा खटका लावला, एक हात राजारामच्या खांद्यावर टेकून उठले आणि मंचाच्या पायऱ्यांशी जाऊन, तिथं पडलेल्या सगळ्यांच्या चपलांमध्ये आपल्या शोधू लागले.