खालची बारीक अक्षरं

ऑक्टोबरच्या मध्यावर एवारिस्तो मोन्तान्योच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकाच दिवशी दोन पाकिटं येऊन पडली. एका पाकिटात नोटीस होती, की नव्या वर्षापासून जागेचं भाडं महिन्याला पंच्याण्णव डॉलरनी वाढणार. दुसऱ्यात मतपत्रिका होती; आमच्याकडे मत घरीच भरून पोस्टाने पाठवतात. पहिल्या पाकिटाने त्याचं जेवण गेलं. दुसऱ्याकडे मात्र तो अशा नजरेने बघत राहिला, की जणू आत कुणीतरी दबा धरून बसलंय.

"उघड की म्हाताऱ्या, चावणार नाही ते," ओफेलिया तव्यावरची तोर्तिया उलटत म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तेव्हापासून ती नवऱ्याला म्हाताऱ्याच म्हणते.

"निवडणूक जवळ आली की सगळ्यांना आपल्या घराचा पुळका येतो," एवारिस्तो म्हणाला. "यात पाणी मुरतंय."

"पाणी छतात मुरतंय. दोन वर्षं झाली सांगून."

तिचा धाकटा भाऊ चेलो बशीत तोंड घालून हसला. आमच्या व्हिस्टा क्लारा वस्तीत घरोघरी थोडंफार हेच चाललं होतं. अंडी परवडत नव्हती, मांसाच्या कारखान्यात कामाचे तास कापले होते, आणि त्यात हे भाडं! बाहेरच्यांना वाटतं, स्वतःचं घर असल्यावर भाडं कसलं? तर आमच्याकडे घर आपलं आणि खालची जमीन दुसऱ्याची. कागदावर या घरांना फिरती घरं म्हणतात. एवारिस्तोचं घर एकोणऐंशी सालचं. ते उचलून चाकांवर ठेवलं, तर पहिल्याच वळणावर त्याच्या भिंती एकीकडे आणि छत दुसरीकडे जाईल. आणि मालकाने जमीन विकायला काढली होती. जास्त भाव देणाऱ्या कुणा बड्या कंपनीने घेतली, तर चौसष्ट घरांनी जायचं कुठे?

मतपत्रिकेवरचा प्रस्ताव याच गोष्टीचा होता. नगरपालिकेने एक निधी उभारावा आणि अशा वस्त्यांतल्या लोकांना एकत्र येऊन पायाखालची जमीन विकत घेण्यासाठी कर्ज द्यावं. हो की नाही, तेवढं सांगायचं.

हो की नाही सांगणार कोण, हा आमच्याकडचा खरा पेच. ओफेलियाकडे राहण्याचा परवाना होता, मत नव्हतं. चेलोकडे तर साधा कागदही नव्हता. घरात मत एकट्या एवारिस्तोला, तीन वर्षांपूर्वी नागरिकत्वाची परीक्षा पास झाल्यापासून, आणि तेही त्याने आजवर एकदाही दिलं नव्हतं. वस्तीच्या फाटकापाशी सगळ्यांच्या पत्रपेट्या एका रांगेत आहेत, त्यामुळे कुणाला काय आलं ते सगळ्यांना दिसतं. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या तिघांनी त्याला विचारलं होतं, "काय एवारिस्तो, आलं का आमचं मत?"

आमचं! हा शब्द त्याला खिळ्यासारखा टोचत राहिला.

एवारिस्तो नव्या घरांच्या भिंतींच्या सांध्यांत लांबी भरायचं काम करतो. कुठल्याही भिंतीपाशी गेला की आधी बोटाने टकटक करून बघतो, आत पोकळ आहे का. माणसांच्या बाबतीतही त्याची तीच सवय. आणि ती उगाच लागलेली नाही. तो लहान असताना मायदेशी, दुरांगो प्रांतातल्या त्याच्या गावात निवडणुकीच्या आधी एक गाडी आली होती. घराला फरशी करून देतो म्हणाले, सहा पोती सिमेंट उतरवलं, आणि त्या बदल्यात बापाचं मतदार ओळखपत्र मोजणी होईपर्यंत घेऊन गेले. मोजणी झाली. उरलेली पोती काही आली नाहीत. आणलेली सहा पावसात भिजून दगड झाली, आणि बाप मरेपर्यंत त्यांच्यावर बसून बूट काढायचा. तेव्हापासून निवडणुकीच्या दिवसांत कुणी घर हा शब्द काढला, की एवारिस्तोच्या कपाळावर आठी आलीच म्हणून समजा.

त्यातच शनिवारी दोन्या कुका, म्हणजे आमच्या कुकाबाई, आल्या. सत्तरीच्या विधवा, तिसऱ्या गल्लीत राहणाऱ्या, शाळेच्या खानावळीत आयुष्य काढलेल्या. गुडघे दुखतात, तरी वस्तीच्या बैठका त्याच भरवतात. काठी आणि एक वही, याशिवाय हातात काही नव्हतं.

"एवारिस्तो, बुधवारी बैठक आहे. तुझ्या ट्रकमधून चर्चच्या वीस खुर्च्या आणून दे."

"आणि तुम्हाला यातून काय मिळतं, दोन्या?"

ओफेलियाने डोळे वटारले. पण दोन्या कुका रागावल्या नाहीत. "मला? माझ्या घराखालची जमीन मिळेल. नाहीतर रस्ता मिळेल."

"तेवढ्यासाठी कुणी एवढी पायपीट करत नाही."

"तू करत नाहीस, म्हणून मला करावी लागते," म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

झालं! एवारिस्तो त्या दिवसापासून तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवू लागला. मंगळवारी ती वस्तीच्या व्यवस्थापकाच्या गाडीतून उतरताना दिसली. मालकाचा माणूस, आणि ही त्याच्या गाडीत? गुरुवारी ती नगरपालिकेतून बाहेर आली, हातात जाडजूड पाकीट. आणि सगळ्यात मोठा पुरावा तिच्या दारातच होता. जिथे मोडक्या पायऱ्या होत्या, तिथे आता कठड्यासह नवी कोरी लाकडी उतरण झाली होती!

"बघ," तो चेलोला म्हणाला. "लाकडाचा आजचा भाव काय? कुठून आलं? कुणीतरी हात ओले केलेत म्हातारीचे."

चेलोने ओठ चावला. "असेल, दाजी," एवढंच म्हणाला आणि अंघोळीला पळाला. खुर्च्या काही एवारिस्तोने आणल्या नाहीत.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून माणसं परतली, तोच वस्तीत दुसरा एक पाहुणा आला. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, आणि आपल्याहून स्वच्छ स्पॅनिश. वेलास्को नाव सांगितलं. आमच्याकडे असा माणूस दिसला की त्याची पदवी कुणी विचारत नाही, आपणच त्याला लिसेन्सियादो, म्हणजे वकीलसाहेब, म्हणून मोकळे होतो. एवारिस्तोनेही तसंच केलं. लिसेन्सियादोने गुलाबी कागदाच्या खोक्यातून गोड पाव आणले होते, वरची शिंपल्यासारखी साखरेची नक्षी अजून गरम.

"वहिनी, तुमच्या हातच्या कॉफीबरोबर खायचे म्हणून आणले," तो म्हणाला. "एवारिस्तोराव, तुम्ही कष्टाची माणसं. हा प्रस्ताव आला तर कर कुणावर बसणार? तुमच्यावर! आणि सरकारच्या यादीत नावं कुणाची जाणार? घरात कोण कोण राहतं, कुणाकडे कागद आहेत, कुणाकडे नाहीत..." इथे त्याने चेलोकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

चेलोच्या हातातला पाव तसाच राहिला.

"तरी मी म्हणतच होतो!" एवारिस्तो टेबलावर हात आपटून म्हणाला. ज्या माणसाने दोन्या कुकाला दारातच उलटतपासणीला उभं केलं होतं, त्याने या पाहुण्याला एक प्रश्न विचारला नाही. उलट त्याने दिलेलं पत्रक लोहचुंबकाखाली फ्रिजच्या दारावर लावलं. पत्रकावर एक हसरं कुटुंब होतं आणि ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'आपलं घर वाचवा. नाही म्हणा!'

नागरिकहो, बघा माणसाचं कसं असतं ते. जो फुकट पाव देतो त्याच्यावर विश्वास, आणि जो खुर्च्या आणायला सांगतो त्याच्यावर संशय!

महिन्याच्या शेवटच्या दिवसांत, दुपारी कामावरून लवकर सुटून, एवारिस्तो जागेचं भाडं पाठवायला बसला. हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नाही. फोनवरून पैसे पाठवण्यावर त्याचा विश्वास नाही. अकरा वर्षं दर महिन्याला तो पोस्टातून मनीऑर्डर घेतो, तिची पावती बुटांच्या खोक्यात टाकतो आणि पाकिटावर पत्ता स्वतःच्या हाताने, एकेक अक्षर कोरल्यासारखा लिहितो. पोस्टपेटी ४४१७, मग परराज्यातलं ते गाव. न बघता लिहितो, इतकं बोटांत बसलंय.

पाकीट चिकटवून तो दूध घ्यायला उठला. फ्रिजचं दार उघडण्यापूर्वी पत्रकाकडे नजर गेली. हसऱ्या कुटुंबाच्या पायाशी, जिथे कुणाचीच नजर जात नाही, तिथे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांची एक ओळ होती. हे पत्रक छापण्याचा खर्च कुणी केला, ते तिथे लिहावंच लागतं. त्याने डोळे बारीक केले. 'हक्काच्या घराचे मित्र' असं काहीतरी समितीचं नाव. आणि पुढे: पोस्टपेटी ४४१७.

त्याने पत्रक ओढून काढलं, टेबलावरच्या पाकिटाशेजारी ठेवलं. तोच आकडा. तेच परराज्यातलं गाव. अगदी तोच पिनकोड!

"ओफेलिया! अगं ए ओफेलिया! आपण भाडं पाठवतो ना, तेच लोक आपल्याला नाही म्हणायला सांगतायत!"

ओफेलिया धावत आली, चेलो मागोमाग. तिघं वाकून बराच वेळ ते दोन कागद बघत राहिले.

"म्हणजे माझ्याच भाड्याच्या पैशातून," एवारिस्तो सावकाश म्हणाला, "मला पाव चारला."

त्याच्या डोळ्यांपुढे बाप आला, दगड झालेल्या पोत्यावर बसून बूट काढणारा. पन्नास वर्षं जपलेला संशय, आणि ऐन वेळी तो उभा राहिला चुकीच्या दारात!

"तरी पण दोन्याची ती उतरण..." त्याने शेवटचा आधार धरावा तसं म्हटलं.

चेलोने घसा खाकरला. "दाजी, ती मी केली. चार रविवार लागले. म्हातारी पायऱ्यांवरून दोनदा पडली होती."

"आणि लाकूड?"

"तुमच्याच ट्रकमधलं. कामावरचे उरलेले तुकडे तुम्ही मागे टाकून ठेवता ना, ते. तुम्ही ओरडाल म्हणून बोललो नाही."

ओफेलियाला हसू आवरेना. एवारिस्तो मात्र टोपी घेऊन तडक तिसऱ्या गल्लीत गेला. त्या नव्या उतरणीवरून चढताना सवयीने त्याने कठड्यावर बोटाने टकटक केलं. भरीव होता.

दोन्या कुका शेंगा सोलत बसल्या होत्या. त्याने दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. "दोन्या, मी तुमच्यावर संशय घेतला. मला माफ करा."

"संशय घेतलास त्याची माफी कशाला?" म्हातारी म्हणाली. "या देशात आपल्यासारख्यांनी संशय घ्यायचा नाही तर कुणी घ्यायचा? पण तू तो मला एकदा विचारलास आणि त्या पाव वाटणाऱ्याला एकदाही नाही. तिथे चुकलास. आणि विचारलास तोही अर्धाच. लांबून बघत होतास, पण व्यवस्थापकाच्या गाडीत मी का बसले, विचारलंस कधी?"

"का बसलात?"

"जमीन विकली की त्याचंही घर जातं, बाबा. तोही अकराव्या नंबरच्या पत्र्याच्या घरातच राहतो. मंगळवारी नगरपालिकेत नकाशे मागायला त्याने मला सोडलं. गुरुवारी पाकिटातून आणले ते तेच. विचार, अजून विचार."

एवारिस्तोने खुर्ची ओढली. आणि मग विचारायलाच लागला! कर कुणावर? दोन्यांनी प्रस्तावाची प्रत त्याच्या हातात दिली. त्याने अडखळत वाचलं: हॉटेलात उतरणाऱ्यांवर. घरातल्यांचे कागद बघणार का? तसं त्यात कुठेही नव्हतं. कर्ज फेडायचं कुणी? आपणच, तीस वर्षं. मग भाडं वाढणार नाही याची खात्री?

"नाही," दोन्या म्हणाल्या. "खात्री मी देत नाही. पहिली काही वर्षं थोडं वाढेलही. फरक इतकाच, की किती वाढवायचं ते आपण बैठकीत बसून ठरवू. परराज्यातली पोस्टपेटी ठरवणार नाही."

गोड बोलून सगळं सोपं करून सांगणाऱ्या इस्त्रीवाल्यापेक्षा हे कडू उत्तर एवारिस्तोला जास्त पटलं.

त्या रविवारी मोन्तान्यो कुटुंबाचं टेबल पुसून लखलखीत करण्यात आलं. मतपत्रिका मधोमध ठेवली. एवारिस्तोने प्रस्ताव मोठ्याने वाचला, ओफेलियाला विचारलं, चेलोला विचारलं. चेलो गोंधळला. "मला काय विचारता दाजी? माझं कुठे मत आहे?"

"पेन माझ्या हातात आहे. मत तिघांचं आहे. बोल!"

आजवर या देशात चेलोला कामाची वेळ सोडून कुणी काही विचारलं नव्हतं. तो खाली बघून पुटपुटला, "हो म्हणा." आणि एवारिस्तोने हो च्या पुढची चौकट काळजीपूर्वक काळी केली, लांबी भरतात तशी, कुठे पोकळ राहणार नाही अशी.

प्रस्ताव एकशे बारा मतांच्या फरकाने मंजूर झाला. त्याने सगळं सुटलं असं नाही. कर्जाचे कागद अजून यायचे आहेत, मालकाची किंमत अजून ठरायची आहे, अंडी अजून महागच आहेत. पण जानेवारीतल्या पहिल्या बैठकीत दोन्या कुकांनी विचारलं, "जमिनीच्या करारावर सही करण्याआधी तो शेवटपर्यंत वाचायचं काम कोण घेतंय?" तेव्हा वीस खुर्च्या उतरवून नुकताच घाम पुसत बसलेल्या एवारिस्तोकडे सगळ्यांनी माना वळवल्या.

"मीच का?"

"वस्तीत तुझ्याइतका संशयी दुसरा कोण आहे?" दोन्या म्हणाल्या आणि सगळे खळखळून हसले. त्यानेही हसत ते काम घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्यांदा चष्मा करून आणला.

म्हणून सांगतो, नागरिकहो. संशय जरूर घ्या. गरिबाच्या घराचं ते कुलूप आहे. पण तो सगळ्यांवर सारखा घ्या, आणि गोड बोलणाऱ्यावर थोडा अधिक. संशय पोटात ठेवून घरी बसाल, तर त्याचं भय होतं, आणि आपलं भय कुणीही पावाच्या एका खोक्यात विकत घेतं. तोच संशय चारचौघांत प्रश्न म्हणून विचारा, त्याचं उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, आणि मगच मत द्या. कारण तुमच्या एका मताकडे ज्यांना मत नाही अशी माणसं तुमच्याच टेबलापाशी बसून बघत असतात.

मार्चमध्ये कराराचा पहिला मसुदा आला. तिसऱ्या दिवशी सकाळी एवारिस्तो चष्मा लावून, कागद काखेत मारून दोन्या कुकांच्या दारात हजर झाला.

"दोन्या, हा कागद तुम्हीच पाठवलात ना? मग आठव्या पानावर, अगदी खाली, हे काय लिहिलंय?"

म्हातारीने शेंगांची परात बाजूला सारली आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "बस," ती म्हणाली. "माझ्याही नजरेतून सुटलं होतं ते. वाच मोठ्याने."