अनुभवाचा दाखला

मोनालीनं चिकटपट्टीचा तुकडा दातानं तोडला, वेळापत्रकाचा शेवटचा कोपरा भिंतीला दाबून बसवला, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून जेसीबीवाला बिरदेव बोलत होता.

"म्याडम, नारळ फुटला. आता खड्डा कुठल्या अंगानं धरू? रामभाऊ म्हणत्यात, विहिरीकडनं."

"कुठला नारळ?"

"आपल्या पॅकहाऊसचा की. निमगावच्या म्होरं. समदी हायती हितं. तुमी मागनं येताय न्हवं?"

"रस्त्याकडून धर," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिनं आत्ताच भिंतीवर लावलेल्या वेळापत्रकात भूमिपूजन सोमवारी होतं. आज शुक्रवार होता. ऑफिसात शिपायाखेरीज कुणी का नाही, हे तिला आत्ता कळलं.

डाळिंबं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीला इंदापूर तालुक्यात फळं निवडून खोक्यांत भरायचं पॅकहाऊस बांधून हवं होतं. त्यांची एक अट होती. काम चालवणारा माणूस प्रोजेक्ट मॅनेजमेंटची ती मोठी परीक्षा पास झालेला, सर्टिफिकेटवाला पाहिजे. बारामतीत आप्पासाहेबांची बांधकाम कंपनी तशी जुनी, पण तिथं असा माणूस एकच होता आणि तो म्हणजे वरकुट्याची मोनाली. टेंडर उघडलं त्या दिवशी आप्पासाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून स्वतःच्या हातानं चहा दिला होता. त्या चहातच तिनं काहीतरी ओळखायला हवं होतं. आप्पासाहेब विनाकारण कुणाला पाणीही विचारत नाहीत.

तिनं स्कूटी काढली. भवानीनगरपासून पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एकेका ट्रॉलीच्या मागं रखडताना ती मनाशी सारखं एकच म्हणत होती, काहीतरी घोटाळा झाला असेल, संघपालदादा तिथं आहे, तो असताना असं व्हायचं नाही.

संघपाल तिचा चुलत भाऊ. आप्पासाहेबांचा उजवा हात, कंपनीतला साहेब. तिला नोकरीला लावलं त्यानं आणि परीक्षेच्या नादाला लावलं तेही त्यानंच. "डिप्लोमावाली पोरं गल्लोगल्ली झालीत," तो म्हणायचा, "ह्या सर्टिफिकेटावर तुझं नाव चालंल." दर रविवारी वरकुट्याच्या विहारात सतरंजीवर बसून तो तिला प्रश्न विचारायचा. त्या परीक्षेला असं कुणालाही बसू देत नाहीत. आधी अनुभव दाखवावा लागतो, ह्या माणसानं इतकी वर्षं स्वतः कामं चालवली असं वरच्या साहेबानं लिहून द्यावं लागतं. ते मोनालीनं एकेका कामाचं सांगितलं तसं संघपालनं लिहून दिलं होतं. निकाल लागला तेव्हा तिची आई तुळसा आल्यागेल्याला सांगत होती, "माझ्या लेकीनं केला नसंल एवढा अभ्यास संघपालनं केला."

निमगाव केतकी मागं पडलं आणि मंडप दिसला. रस्त्याच्या कडेला नवी कोरी पाटी उभी होती. तिच्यावर आप्पासाहेबांच्या कंपनीच्या खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रकल्प व्यवस्थापक: मोनाली भानुदास'. आणि पाटीच्या खाली, पांढरं हेल्मेट घालून, कमरेवर हात ठेवून आप्पासाहेबांचा भाचा राम उभा होता. बिरदेवचा जेसीबी विहिरीकडूनच चालू होता. तिचा फोन झाल्यावर कुणीतरी पुन्हा त्याला वळवलं होतं.

संघपाल पेढ्यांचा खोका घेऊन फिरत होता. तिला पाहून तो क्षणभर थांबला, मग हसत पुढं आला.

"आलीस व्हय? घे, पेढा घे."

"दादा, पूजा सोमवारी होती."

"आजचा मुहूर्त चांगला निघाला. आन् पूजा म्हणल्यावर तुला कशाला अवघड करायचं? मीच आप्पासाहेबांना म्हणलं, मोनाली पूजेला बसत न्हाय."

मोनालीला हसावं की काय करावं कळेना. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात पूजा आणि नारळ नव्हता, हे खरं. संघपालच्या तरी घरात कुठं होता? पण पहिल्या साईटवर, सांगवीच्या गोदामाला, ती कुठं उभं राहावं म्हणून बावरली होती तेव्हा ह्याच दादानं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "नारळ त्यांचा, फक्की आपली. त्यांचं होईस्तवर गप उभं ऱ्हायचं, मग पायाची रेघ आपण मारायची." तेव्हापासून प्रत्येक कामाला तिनं तेच केलं होतं. नारळ फुटायचा, लोक पेढे खायचे आणि ती चुन्याची फक्की घेऊन रेघ मारायला वाकायची. कुणाला कधी अवघड वाटलं नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या तिनं, पण आपल्याच घरातल्या रीतीचा आडोसा करून आपल्यालाच बाहेर ठेवलेलं ती पहिल्यांदा पाहत होती.

"ये पोरी," आप्पासाहेबांनी खुर्चीवरूनच हाक मारली. "तुझा पायगुण हाय बघ. तुझ्या नावानं काम आलं."

"आप्पासाहेब, जेसीबी विहिरीकडून लावलाय. तिकडून लावला तर विहिरीचा काठ..."

"ते राम बघंल आता. तू बारामतीला हापिसात बस, पंख्याखाली. त्या डाळिंबवाल्या कंपनीच्या बाई अधनंमधनं फोनवर काम बघणार हायत, त्यांच्याशी तेवढं बोलत जा. नावाला तू हायेसच की."

नावाला. तिनं पाटीकडं पाहिलं. आप्पासाहेब काही लपवत नव्हते, वाईटही बोलत नव्हते. त्यांच्या दृष्टीनं हे तिचं कौतुकच चाललं होतं.

तिनं संघपालला खुणेनं पाण्याच्या टँकरमागं बोलावलं.

"दादा, तुला हे आधीपासनं ठावं व्हतं?"

त्यानं खोक्याचं झाकण नीट बसवलं.

"डोकं शांत ठेव, मोना. पगार हाय, नाव हाय. उन्हातान्हात करपायचं काम राम करंल. असल्या नोकरीसाठी लोकं हातापाया पडत्यात."

"मला काम पायजे व्हतं. त्याच्यासाठी परीक्षा दिली मी."

"काम, काम, काय लावलंस?" तो वैतागला. "एवढं खोटं लिवून दिलं मी तुझ्यासाठी, ते काय तू उन्हात राबावंस म्हणून?"

"खोटं? कुठलं?"

ही वेड पांघरून पेडगावला जाते की काय, असं त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग आवाज उतरवला.

"आगं, त्या परीक्षेच्या अर्जात. समदी कामं हिनंच चालवली म्हणून. माझ्या सहीनं दिलंय ते. उद्या कुणी इचारलं तर माझी मान अडकंल."

मोनाली त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो थट्टा करत नव्हता.

सांगवीला गवंडी अर्ध्यात सोडून गेले तेव्हा ती वालचंदनगरपर्यंत जाऊन दुसरी टोळी घेऊन आली होती. माळेगावच्या मंगल कार्यालयाला सिमेंट अडकलं, तर तिनं आधी कुंपण आणि मागची गटारं उरकून घेतली होती. एक दिवस माणसं बसून राहिली नव्हती. दादा शनिवारी जीपमधून यायचा, चहा घ्यायचा, "चाललंय न्हवं?" म्हणायचा आणि निघून जायचा. त्याचा आपल्यावर विश्वास आहे म्हणून तो लवकर जातो, असं ती समजत आली होती. त्याला वाटत होतं, काम आपोआप चालतं.

साईट गेल्याचा राग होताच, पण हे त्याहून खोल लागलं. तोंडाला पानं पुसणारा माणूस निदान तोंड तरी पाहतो. ह्यानं तिला कधी पाहिलंच नव्हतं. विहारातल्या त्या सगळ्या रविवारी तो एका खोट्याला मदत करत होता, तीही मोठ्या मायेनं.

संघपालच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर नाव बघून तो सावरला.

"कंपनीच्या बाई हायत. व्हिडिओ हाय. नुसतं नमस्कार म्हण आन् पाटी दाखव."

तिनं फोन घेतला. पलीकडं चष्मा लावलेल्या, नीटनेटक्या बाई होत्या.

"अभिनंदन, मोनाली. सुरुवात तुमच्या देखरेखीखाली झाली ना?"

"नाही, मॅडम," मोनाली म्हणाली. "मी आत्ताच पोचले. इथलं काम दुसऱ्याकडं दिलंय."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. मग म्हणाल्या, "फोन संघपालांचा आहे ना? त्यांना द्या."

तिनं फोन दिला आणि त्याच्यामागोमाग टँकरच्या आडून मंडपात आली. संघपालच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण गडी वेळ मारून न्यायला पटाईत. घसा साफ करून तो पुस्तकी मराठीत बोलायला लागला.

"गैरसमज झाला, मॅडम. राम फक्त मदतीला आहे. काम मोनालीच बघणार, सगळं तिच्याच हातात राहील." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "एकटीला जमेल का? अहो, सांगवीचं गोदाम तिनं एकटीनं उभं केलंय. गवंडी पळून गेले तर दुसरी टोळी घेऊन आली ही, तीही मला न विचारता. माळेगावला सिमेंट नव्हतं, तरी एक दिवस काम थांबू दिलं नाही. मी कोण सांगणारा? मी आपला शनिवारी चहा पिऊन यायचो."

खुर्चीवरून आप्पासाहेब कौतुकानं मान डोलवत होते. रामनं हेल्मेट काढून हातात धरलं होतं. संघपाल बोलत राहिला, अर्जात लिहिलेलं त्याला सगळं पाठ होतं, आणि बोलताना तो मोनालीची नजर चुकवत होता.

फोन बंद झाला. त्यानं रुमालानं कपाळ पुसलं आणि तिच्याकडं वळला.

"बघ," तो म्हणाला, "परत खोटं बोलाया लावलंस."