कोणतं यंत्र घेऊ?

धाकट्याचं पत्र येऊन चार महिने झाले, उत्तर गेलं नव्हतं. ‘दादा, कोणतं यंत्र घेऊ? तू म्हणशील ते.’ फोनवर मला धड बोलता येत नाही हे जाणून त्याने मुद्दाम लिहिलं होतं. झोपेत आम्हा दोघांचाही श्वास अडकतो. फरक एवढाच, की मी निवृत्त ग्रंथपाल; डुलकी लागली तर पुस्तक पडतं. तो बस चालवतो.

त्याला सांगायचं म्हणून मी दवाखान्यातून दोन यंत्रं पाळीपाळीने वापरायला आणली. दोन्ही रात्रभर मास्कमधून नाकात हवा सोडतात आणि तिचा दाब आपणहून कमीजास्त करतात. पहिलं झपकन, दुसरं सावकाश. सकाळी पहिलं दाखवी श्वासाला तासाला तीन अडथळे, दुसरं सात. मी वहीत रकाने आखले. साताहून तीन कमी, मग सातवाल्यावर बरं का वाटतं? नेहमीप्रमाणे शंका स्वतःचीच आली. पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं. कंटाळलो, पण ठरेना.

आज ती वही तंत्रज्ञ बाईंना दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला.

“काका, दोन कंपन्यांचे आकडे शेजारी लावलेत? अडथळा मोजायची रीत दोघींची वेगळी. दिवसा झोप येते का, ते कुठे लिहिलंय?”

ते कुठेच नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं.

“मला विचारायचं होतंत,” ती म्हणाली. “पहिलं होतं तेव्हा तुमची वाचनखूण चाळिसाव्या पानावरच. दुसरं आलं की पुस्तकं संपायची.”

“मग बोलली का नाहीस?”

“वहीतून डोकं वर काढलंत कधी? आणि ऐका, जाऊबाईंचा फोन होता. काल सिग्नलला भावजींचा डोळा लागला. मागच्यांनी हॉर्न वाजवून उठवलं.”

मी वही मिटली.

“जाऊबाईंनी बस चालवू नका म्हटलं, ते ऐकलं त्यांनी. यंत्र मात्र दादाचं पत्र आल्याशिवाय घेणार नाहीत म्हणे. घ्या, एवढा विश्वास!”

मी लिहिलं: ‘कोणतं चांगलं, मला कळलं नाही. मला सावकाश चढणारं मानवलं, तुला कदाचित दुसरं. डॉक्टर देतील ते लगेच घे. मास्क नीट बसतो का बघ. दिवसाची झोप थांबून डॉक्टर हो म्हणेपर्यंत बसला हात लावू नकोस. तुला थांबवलं, चूक माझी.’

पाकीट घरीच चिकटवलं, नाहीतर वाटेत उघडून काहीतरी खोडलं असतं. मग कोपऱ्यापर्यंत चालत गेलो आणि पेटीत टाकलं.