बाराव्या नमुन्याची फाईल

नमुना: १२
गट: निरोगी

या दोन ओळी मीच लिहिल्या. आमच्या प्रयोगशाळेतल्या बारा जणांची जनुकीय माहिती आज चार वाजता इंटरनेटवरच्या सामायिक साठ्यात जाणार. मग कुठलाही संशोधक ती आपल्या पडद्यावर उघडून बघेल. साठा उभारायचं काम माझं. फाइलीत प्रत्येकाच्या ओळी लिहायच्या, त्या माहितीचा आलेख, म्हणजे पट्टा, पडद्यावर नीट दिसतोय का ते बघायचं.

बारावा नमुना ढमीचा. माझी मोठी बहीण. जन्मात तिला मी ताई म्हटलेलं नाही.

निरोगी माणसं कमी पडत होती, तेव्हा तिनेच दंड पुढे केला. "घ्या, फुकटचं आहे. पण काही दिसलं तरी मला सांगायचं नाहीस हं. आईचं बघितलं तेवढं पुरे."

आई पंचेचाळिसाव्या वर्षी गेली. ढमीला पुढच्या महिन्यात चव्वेचाळीस.

मी शब्द दिला.

दिसणं: पूर्ण

पट्टा म्हणजे डोंगरांची रांग. एखाद्या जागी रांगेची उंची अर्ध्यावर आली, की तिथल्या दोन प्रतींपैकी एक गायब. आईच्या एका जागी अशीच एक प्रत गायब होती, त्यातूनच तिचा आजार. ती जागा मला घरच्या पत्त्यासारखी पाठ आहे.

बघायचं नव्हतं. बघणं हेच काम होतं.

ढमीच्या पट्ट्यात त्या जागी डोंगर पूर्ण उंच! डावीकडे लांब एक खड्डा होता, पण जनुकं नसलेल्या ओसाड भागात. तिथे कुणाचं काही बिघडत नाही. मी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

नकाशा: जुना

साडेतीनला फोन. पलीकडच्या प्रयोगशाळेत आमचे पट्टे तपासणारा माणूस.

"अहो बाई, तुमचे बाराच्या बारा पट्टे सरकलेत. जनुकं एकीकडे, डोंगर भलतीकडे."

"म्हणजे?"

"नमुने मोजलेत जनुकांच्या नव्या नकाशावर, आणि फाइलीत तुम्ही लिहिलंय 'जुना'. एक शब्द बदला. सगळं उजवीकडे सरकून जागेवर बसेल."

"उजवीकडे?"

"उजवीकडेच. घाबरताय काय एवढ्या? ही चूक सगळ्यांची होते."

नकाशा: न

पुढचं अक्षर उमटेना. बारावा वगळला तर? प्रयोगशाळेच्या मॅडम विचारतील, का? काय सांगू?

नकाशा: नवा

अकरा रांगा सरकल्या, बसल्या. बारावीतला खड्डा उजवीकडे आला आणि आईच्या जागेवर थांबला.

मी पडदा बंद करून उघडला. तिथेच.

गट:

'निरोगी' खोडलं. दुसरं काय लिहायचं सुचेना. तेवढ्यात मोबाइल वाजला. ढमी.

"झालं का गं तुझ्या साठ्याचं बारसं? की रडतंय अजून?"

"होतंय."

"संध्याकाळी येतेयस ना? मागच्या वेळी नेलेली माझी छत्री आण. चोरटी कुठली."

"हो ताई. आणते."

पलीकडून हळू आवाजात, "काय म्हणालीस?"

"छत्री आणते म्हटलं."

"त्याच्या आधी."

चारला दोन मिनिटं कमी होती. फाइलीत 'गट'पुढे कर्सर लुकलुकत होता.

"ढमे," मी म्हणाले.

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती बसली होती.