सत्तावीस नंबरचं मिटलेलं तोंड

त्रिपोलीच्या दंत महाविद्यालयात प्रवेशाच्या मुलाखती आल्या की डॉ. विदादच्या कपाळाला आठी पडायची. लेबनॉनमध्ये दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "कुणाच्या घरातला रे तू?" आडनाव कळलं की गाव कळतं, गावावरून पंथ, आणि पंथावरून कुणाचा मामा कुठल्या मंत्र्याच्या पंगतीला बसतो तेही कळतं. लेखी परीक्षेत रक्त आटवलेली पोरं मुलाखतीत गळायची आणि वशिल्याची तट्टं वर्गात येऊन बसायची. वीस वर्षं विदादनं हे पाहिलं आणि यंदा ती हट्टालाच पेटली. नाव नाही, गाव नाही, उमेदवाराला फक्त नंबर. आणि परीक्षकानं उमेदवाराला ओळखलं तर त्यानं आपला गुणांचा कागद फाडायचा आणि मुकाट्यानं बाहेर जायचं. त्या उमेदवाराला मग उरलेल्या परीक्षकांच्या गुणांची सरासरी.

"या शहरात कोण कुणाला ओळखत नाही, विदाद?" विभागप्रमुख डॉ. फव्वाज म्हणाले होते. "आपण तिघंही परीक्षक बाहेर बसू, कॉफी पीत." पण नियम मंजूर झाला.

आपल्या गुणांच्या कागदावर एक रकाना मात्र विदादनं स्वतः घातला होता, 'प्रसन्न चेहरा', दहा गुण. दातांच्या खुर्चीत बसलेला माणूस आधीच अर्धमेला असतो, त्याच्यासमोर सुतकी तोंडाचा डॉक्टर काय कामाचा, असं तिचं ठाम मत होतं.

शेवटची मुलगी आली, नंबर सत्तावीस. उत्तरं अशी चोख की तिसरी परीक्षक, तरुण डॉ. लमीस, मान डोलवायचीच थांबेना. पण पोरगी ओठ जेमतेम उघडून बोलत होती. हसण्याचं तर नावच नको. विदादनं त्या रकान्यात तीन लिहिले.

हस्तकौशल्याच्या परीक्षेत तिनं खडूतून कोरलेली दाढ फव्वाजनी उचलून उजेडात धरली. "ही आमच्या सासूबाईंची दिसते," ते म्हणाले. "अशीच भक्कम, आणि कुणाच्या बापाला हलणार नाही!"

पोरीला हसू फुटलं. लगेच तिनं तोंडावर हात घेतला, पण दंतवैद्याला तेवढा क्षण पुरतो. वरचा पुढचा डावा दात. त्याचा कोपरा भरलेला, आणि जरा तिरका.

तो तिरका कोपरा विदादचाच होता. नऊ वर्षांपूर्वी अक्कारच्या डोंगरात, रविवारच्या फुकट दवाखान्यात, जिथं विदादला सगळे 'हकीमे', म्हणजे डॉक्टरीणबाई, म्हणायचे, हिरवे बदाम फोडताना दात तुटलेली एक मुलगी आली होती. निळ्या दिव्याखाली भरण पक्कं होत असतानाच वीज गेली आणि गावचा जनरेटरही बंद पडला. "आठवड्याने ये, नीट करून देते," विदाद म्हणाली होती. पुढच्या रविवारी दंगलीमुळे रस्त्यावर टायर जळत होते, आणि मग तो दवाखानाच बंद झाला. अर्धवट राहिलेलं ते काम विदादला आजही बोचायचं.

पेन तिच्या हातातच होतं. तिनाचे नऊ करायला कितीसा वेळ लागतो? तिला तसं करावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. मग तिनं कागद टराटरा फाडला आणि ती उठली.

"मी ओळखते हिला."

"अगं, नाव तरी कुणी घेतलं का?" फव्वाज म्हणाले.

"दात ओळखला," ती म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

दहा मिनिटांनी मुलगी बाहेर आली. "हकीमे, कशाला उठलात? मी इतकं तोंड मिटून बसले होते!"

"म्हणजे? मुद्दाम?"

"दारातच ओळखलं तुम्हाला. तुम्हीही ओळखलं असतंत, तर गावभर झालं असतं की हकीमेनं घातली आत. आणि खरं सांगू? स्वतःच्या जोरावर आत आले की नाही, ते माझं मलाही कधी कळलं नसतं."

विदादला लाज वाटली. "हसली नाहीस म्हणून मी तुला तीन दिले होते, पोरी."

"हसण्याचेही गुण असतात?" मुलगी चकित झाली. "मग त्या नऊ नंबरवालीचं काय हो? सकाळी बसमध्ये माझ्या शेजारी होती. आठ दिवस झाले तिचा बाप जाऊन. ती कुठून हसणार?"

नऊ नंबरला विदादनं दोन दिले होते. दुसऱ्यांचं पाहायचं वाकून, तसला प्रकार झाला होता. नाव-गाव झाकलं, आणि स्वतःच्या आवडीला मात्र दहा गुणांचा रकाना!

ती आत गेली. "माझ्या सव्वीस कागदांवरचे त्या रकान्यातले गुण खोडा. सगळ्यांना तिथं पुरे दहा."

"आणि तुझी ती?" फव्वाजनी विचारलं.

"तिला हात लावू नका. ती ओळखीची. तुम्हा दोघांचे गुण आहेत तसे राहू द्या."

"बाकीचे सगळे वर चढले तर ती खाली जाईल की गं."

"ठाऊक आहे मला," विदाद म्हणाली.

शुक्रवारी यादी लागली. नऊ नंबर यादीत होती. सत्तावीस नंबर नव्हती. ती प्रतीक्षेच्या यादीत पहिली होती. योग्य केलं हे विदादला कळत होतं, पण त्यानं समाधान होत नव्हतं. कुणाला तरी फोन करून शब्द टाकावा असं दोनदा मनात आलं, आणि दोन्ही वेळा तिनं फोन पर्समध्ये टाकला.

तिसऱ्या आठवड्यात यादीतला एक मुलगा फ्रान्सला निघून गेला. त्याला कुणी जायला लावलं नव्हतं, आणि सत्तावीस नंबरसाठीही कुणी रदबदली केली नव्हती. जागा रिकामी झाली, ती पहिलीला मिळाली, एवढंच.

सत्र सुरू झालं त्या सोमवारी विदाद महाविद्यालयाच्या दवाखान्यात हात धूत होती. दारात नवाकोरा पांढरा कोट घातलेली मुलगी उभी होती. छातीवर नावाची पट्टी होती, रुवैदा. एवढ्या दिवसांत नाव पहिल्यांदाच कळत होतं.

रुवैदा सरळ खुर्चीत जाऊन बसली, मान मागे टेकली आणि तोंड भरून हसली. तिरका कोपरा लख्ख दिसला.

"आठवड्याने ये म्हणाला होतात ना, हकीमे? आले."