पाचव्या पिढीचा पाहुणा

पुण्यात फुकट राहायचं कसं, हे मला विचारा. त्यावर मी सबंध वर्ष डोकं चालवलं होतं. तेवढं डोकं ऋचांच्या अर्थावर चालवलं असतं तर एव्हाना शास्त्री म्हणून मिरवलो असतो.

मी श्रीधरभट पोंक्षे. चिपळुणाच्या खालच्या अंगाला आमचं गाव. श्रावणात श्रीमंत पेशव्यांकडून पुण्याला दक्षिणा वाटतात हे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्याच्या आवारात कोंडून येईल त्याला देतात ती एक. तिला विद्या लागत नाही, धक्के खायची तयारी लागते. मला हवी होती ती दुसरी. शास्त्रीमंडळींपुढे बसायचं, ते सांगतील तिथून संहिता म्हणायची, आणि पसंत पडलात तर तुमचं नाव वैदिकांच्या यादीत चढतं.

ते नाव मला माझ्यापेक्षाही गुरुजींसाठी हवं होतं. गुरुजी ऐंशीला टेकले होते. चाळीस वर्षं त्यांनी आमच्यासारखी पोरं घोकवली, पण पुण्याच्या यादीत त्यांचा एकही शिष्य नव्हता. त्या वर्षी आषाढात ते मला म्हणाले, "श्रीधर, आता मी फार तर एखादी थंडी काढीन. तेवढ्यात जमव."

मी त्याआधी दोनदा जाऊन हात हलवत परत आलो होतो, आणि दोन्ही वेळा विद्येनं नाही, बिऱ्हाडानं घात केला. पहिल्या वर्षी ओंकारेश्वराच्या ओवरीत पथारी टाकली. तिथे तेलंगणापासून काशीपर्यंतचे ब्राह्मण असे खेटून निजलेले, की एकाला खोकला आला की साऱ्या रांगेला यायचा. तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. परीक्षेच्या दिवशी मान वर उचलत नव्हती.

दुसऱ्या वर्षी शहाणपण केलं आणि पैसे मोजून कसब्यात सरुबाई म्हणून एका विधवा बाईंची खोली घेतली. खोली म्हणजे जिन्याखालची जागा. बाईंनी उंबऱ्यातच सांगितलं, "वेद म्हणता ते ठीक आहे, पण दुपारी म्हणू नका, मी निजते. संध्याकाळी म्हणू नका, शेजारी पुराण असतं. सकाळी म्हणावंसं वाटलं तर नदी कुठे आहे ते आपल्याला ठाऊक असेलच." नदीला पूर होता, घाटाच्या वरच्या पायरीवर कसंबसं स्नान उरकण्यापुरतीच जागा. पंधरा दिवस मी ओठांतल्या ओठांत पुटपुटलो आणि शास्त्र्यांपुढे बसल्यावर गळ्यातून नुसती खरखर निघाली. चौथ्या ऋचेला अडलो. "पुढच्या वर्षी या," ते म्हणाले.

म्हणून तिसऱ्या खेपेची आखणी मी वर्षभर आधी सुरू केली. ओवरी नको, पैशाची खोली नको. बिबवेवाडीच्या मच्छिंद्र माळ्यानं वाटेत पाणी पाजताना म्हटलं होतं, "हितंच ऱ्हावा की म्हाराज, गोठा मोकळा हाय, वरडा किती वरडायचं त्ये." पण माळ्याच्या गोठ्यात राहून शास्त्र्यांपुढे जायला माझं धाडस नव्हतं. राहता राहिलं एखादं ब्राह्मणाचं घर. आणि पुण्यात ब्राह्मणाच्या घरची ओसरी नात्याशिवाय मिळत नाही.

नातं मला नव्हतं. ते मी करायचं ठरवलं.

दुसऱ्या खेपेला नदीवर स्नानाला जायचो, तेव्हा रोज एक गृहस्थ शेजारी उभे राहून तर्पण करायचे. खणखणीत आवाज. बाप, आजा, पणजा, तिघांची नावं आणि गोत्र पाण्याबरोबर सोडायचे. चौकशी केली तर आडनाव पोंक्षे, गोत्रही आमचंच. आम्हा वैदिकांना एकदा कानावर पडलेलं विसरता येत नाही, हा आमचा गुण म्हणा की दोष. घरी आल्यावर एका कागदावर मी त्यांची वंशावळ काढली, त्यांच्या पणज्याला एक धाकटा भाऊ जोडला, त्या भावाला कोकणात धाडला आणि त्याच्या खाली आमच्या घरातली नावं ओळीनं लिहीत थेट माझ्यापर्यंत आलो. पाचवी पिढी. मुद्दामच सातच्या आत राहिलो. सात पिढ्यांपलीकडच्या भाऊबंदाला पुणेकर ताक पाजतो आणि वाट दाखवतो. आतल्याला घरात घ्यावं लागतं. हे गणित माझं होतं, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

श्रावण लागायच्या आधी आठ दिवस मी नारायण पेठेत त्या गृहस्थांच्या, म्हणजे गोपाळकृष्णपंत पोंक्ष्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. पंत सरकारी दफ्तरात कारकून. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, माझ्याकडे पाहिलं.

"आपण इतकी वर्षं कुठे होता?" त्यांनी विचारलं.

"कोकणात."

"बरं झालं, आठवण आली ती." एवढं बोलून ते कागद घेऊन आत गेले.

आत त्यांचे काका अंथरुणाला खिळून होते. ब्याऐंशी वर्षांचे, विधुर, मूलबाळ नाही, डोळे गेलेले. पंतांनी त्यांना कागद वाचून दाखवलेला मला ओसरीवर ऐकू आला. मग म्हाताऱ्याचं हसू ऐकू आलं, आणि हाक आली.

"काय म्हणता तुम्ही? ऋग्वेद? मग म्हणा."

मी म्हणायला लागलो. अर्ध्या घटकेनं त्यांनी हात वर केला. "ओसरीवर, माझ्या दाराशी पथारी टाका. जेवायला आत. आणि म्हणताना गळा चोरायचा नाही. या घरात कोणी दुपारी निजत नाही."

नंतर कळलं, काकांचं स्वतःचं नाव तीस वर्षं यादीत होतं. मग आमचा पाठ सुरू झाला. पहाटे मी त्यांना उठवून बसवायचो, तोंड धुवायचो, आणि ते भिंतीला टेकून ऐकायचे. चुकलो की काठी जमिनीवर आपटायचे. एकदा एकाच जागी चार वेळा आपटली. मी म्हटलं, गुरुजींनी असंच शिकवलंय. ते म्हणाले, "मग चूक त्यांची आहे. तू सुधार, पण परत गेल्यावर त्यांना सांगू नकोस. या वयात कळून काय करायचंय?"

असा माणूस मला माझ्या रक्तात मिळाला नाही. माझ्या बापाला तीन बहिणी, भाऊ नाही. 'काका' हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा त्या घरात तोंडानं उच्चारला, आणि आठ-दहा दिवसांत तो खोटा वाटेनासा झाला. तिसऱ्या आठवड्यात माझा गळा असा लागला की शेजारचे शास्त्रीबोवा भिंतीपलीकडून कान देऊ लागले. हे शास्त्रीबोवा परीक्षा घेणाऱ्या मंडळींपैकीच होते. काका मला म्हणाले, "सोमवारी तुझं नाव चढतं. मी सांगतो ना."

शनिवारी सकाळी मी त्यांना उठवायला गेलो, तर ते गार पडलेले होते.

मी रडलो. दाखवायला नाही, अगदी लहान मुलासारखा रडलो. बाहेर माणसं जमली, शास्त्रीबोवा आले, सामान आलं. आणि तिरडी बांधत असताना एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. सात पिढ्यांच्या आतला भाऊबंद गेला की दहा दिवस सुतक. दहा दिवस मंत्राचा उच्चार नाही, सभेत बसणं नाही, दक्षिणा नाही. सोमवार दोन दिवसांवर होता.

 मी खांबाला धरून उभा राहिलो. तेवढ्यात गोपाळकृष्णपंत माझ्यासमोर आले. त्यांनी साऱ्यांच्या देखत, हळू आवाजात विचारलं, "श्रीधरभट, तुम्हाला सुतक येतं का?"

माझा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला.

"नीट मोजून सांगा. घाई नाही. पिढ्या मोजताना माणूस चुकतो."

आठ म्हणालो असतो तर तीन दिवस, म्हणजे सोमवार तरीही गेलाच. उरलं होतं ते एकच, खरं सांगणं. मी कोणी नाही, ओसरीसाठी खोटं बोललो, अंगावर पाणी घेतलं की मी मोकळा. पण समोर शास्त्रीबोवा उभे होते. खोटं नातं सांगून तीन आठवडे पंक्तीला जेवलेल्या माणसाचं नाव हे मंडळींपुढे घेऊ देतील? मला वाटलं, खरं बोलूनही परीक्षा जाणार आणि वर अब्रूही जाणार. शिवाय, सांगूनच टाकतो, आत काका उघड्या जमिनीवर निजलेले असताना 'हे माझे कोणी नव्हेत' असं म्हणायला माझी जीभ उचलेना. यातलं कुठलं कारण मोठं होतं ते आजही मला सांगता येत नाही. जे सोयीचं असेल ते मी धरतो.

"पाचवी पिढी," मी म्हटलं. "दहा दिवस."

पंतांनी मान हलवली आणि वळले. शास्त्रीबोवा माझ्याकडे बघत राहिले, मग तेही तिरडीकडे वळले.

सोमवारी मी ओसरीवर बसून होतो. सकाळपासून रस्त्यानं वैदिकांचे घोळके परीक्षेसाठी श्रीमंतांच्या वाड्याकडे चालले होते, कोणी जाता जाता घोकत होतं. एक जण मी सुधारलेल्या त्याच जागी चुकत गेला. मला उच्चार करायचा नव्हता, तरी तोंडात जीभ आपोआप फिरत होती. मी दातांनी ती दाबून धरली. मला स्वतःची अशी चीड आली, की दुपारी पानावर बसलो आणि तसाच उठलो. दहाव्या दिवशी इतरांबरोबर नदीवर बसून मिशी उतरवली, डोकं तासलं.

अकराव्या दिवशी गाशा गुंडाळला आणि पंतांचा निरोप घ्यायला गेलो. ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "आमचे पणजोबा सात बहिणींवर झालेले एकटे. त्यांना भाऊ नव्हता."

काखेतला गाशा मी खाली ठेवला.

"काकांनी कागद ऐकला तेव्हाच ओळखलं. म्हणाले, नातं खोटं आहे, आवाज खरा आहे, राहू दे त्याला. शास्त्रीबोवांनाही त्यांनीच सांगून ठेवलं होतं. ते दोघं हसायचे यावर." अडकित्ता थांबला. "सोमवारी शास्त्रीबोवांनी तुमचं नाव पुकारलं. तीनदा. शनिवारी तुम्ही काय बोललात ते त्यांनी ऐकलं होतं, तरी पुकारलं. म्हणाले, येईलही."

"मग आपण मला सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला. "अहो, दोन दिवस होते! एका शब्दानं सांगायचं होतं!"

"मी?" पंतांनी आता माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे लाल होते. "काका माझे गेले होते, श्रीधरभट. त्या दिवशी तुमचं खोटंही मीच निस्तरायचं होतं का? विचारलं तुम्हाला. आपण म्हणालात, येतं सुतक. कोणी माझ्या काकांचं सुतक धरतो म्हणाला तर मी नको म्हणू?"

मी गाशा उचलला. त्यांनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या आणि दारापर्यंत आले. "पुढच्या वर्षी याल तेव्हा नुसते या," ते म्हणाले. "नातं आणू नका."

घाट उतरताना मी दशम्या खाल्ल्या. चांगल्या होत्या. तेवढ्यानंही राग आला.

गावात शिरलो तेव्हा गुरुजी ओसरीवर घोंगडीत बसले होते. पावलांवरून त्यांनी मला ओळखलं, हसले, आणि मी जवळ गेल्यावर त्यांना माझं तोंड दिसलं. हसू मावळलं. मिशी नाही, डोक्यावर केस नाहीत.

"कोण गेलं रे?"

"काका," मी म्हटलं.

आमच्या घरातली सगळी नावं गुरुजींना पाठ होती. माझ्या बापाची मुंज त्यांनी लावली होती. ते म्हणाले, "तुला काका नाही."

मी त्यांच्या पायाशी बसलो. त्यांनी माझ्या तासलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि आत हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं. परीक्षेचं त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दिवाळीत नाही, पौषात गेले तोवर एकदाही नाही. विचारलं असतं तर मी सगळं सांगणार होतो.